थंड इस्त्रीची टेप

१

डबा रिकामा निघाला.

पोटमाळ्यावरून तो अक्कांनी स्वतः खाली आणला होता, स्वतः इस्त्रीच्या टेबलावर ठेवला होता आणि त्याची दोरी स्वतःच्या हाताने सोडली होती. त्यामुळे आत नुसता पत्रा चकाकताना दिसला तेव्हा दुसऱ्या कुणावर खेकसायची सोय उरली नाही. अक्कांना राग आला तो याचाच जास्त.

टेबलाभोवती आणखी तिघं होते. पहिला रेकॉर्डवाला. जुनी, विसरलेली गाणी हुडकून पुन्हा छापणाऱ्या कंपनीचा माणूस. उद्या यायचा तो आजच टपकला होता आणि आल्या आल्या अक्कांना मावशी म्हणाला होता. "तुझ्या आईला मी ओळखत नाही," एवढंच अक्का म्हणाल्या, तेव्हापासून तोही अक्काच म्हणत होता. दुसरा झिपऱ्या. तरुणपणी त्याचे केस खांद्यावर लोळायचे. आता माशी बसली तर घसरेल असं डोकं, पण नाव चिकटलं ते चिकटलं. तिसरी अक्कांची बहीण, धाकटी.

धाकटीचा आवाज गळ्याच्या ऑपरेशनात गेला त्याला बरीच वर्षं झाली होती. ती हातांनी बोलायची, आणि तिचे हात काय म्हणतात ते अक्का सगळ्यांना सांगायच्या. कुणी विचारलं नाही तरी सांगायच्या. सुरुवातीला ती लिहूनही दाखवायची, पण अक्का पहिला शब्द वाचून पुढचं वाक्य आपणच पुरं करून टाकायच्या. शेवटी धाकटीने पेन्सिल ठेवून दिली.

आता हा डबा कशाचा, ते सांगायला हवं. ऐंशीच्या सुमाराला न्यू वेव्ह नावाचं गाणं निघालं होतं. गिटार थोडी, बटणांची विजेवरची पेटी जास्त, डोळ्यांत काजळ, गालांवर चमकी, आणि गाणारा असा गाणार की जणू वीज गेल्याची तक्रार नोंदवतोय. त्या लाटेत अक्कांच्या लाँड्रीतही एक बँड निघाला. झिपऱ्या गिटार वाजवायचा आणि गायचा, धाकटी बटणांच्या पेटीवर, आणि ठोक्या नावाचा एक हडकुळा पोरगा ढोलांवर. दुकान बंद झालं की याच इस्त्रीच्या खोलीत त्यांचा धिंगाणा चालायचा. अक्कांनी जागेचं भाडं म्हणून तिघांनाही कपड्यांचे गठ्ठे बांधायला बसवलं होतं. बँडचं नाव ‘थंड इस्त्री’. अक्कांच्या मते ते नाव धंद्याला अपशकुनी होतं.

एक रेकॉर्ड निघाली, तिच्यावर झिपऱ्याचं गाणं. कुणी घेतली नाही. बँड फुटला. आणि आता इतक्या वर्षांनी कुणा हौशी पोरीला ती तबकडी भंगारात सापडली, तिने गाणं फोनवर टाकलं, आणि जे ऐकून तेव्हा लोकांनी कानांत बोटं घातली त्याच्यावर आज त्यांची नातवंडं नाचत होती. झिपऱ्या मुलाखती देत सुटला होता. मुलाखतीत धाकटीचं नाव यायचं ते ‘आणि इतर’ मध्ये.

पण त्याच दिवशी, त्याच टेपवर, दुसरंही एक गाणं भरलं होतं. धाकटीने रचलेलं आणि धाकटीने गायलेलं. ते रेकॉर्डवर कधी आलंच नाही. टेप मात्र अक्कांनी पत्र्याच्या डब्यात घालून जपली. बहिणीचा आवाज जगात आता तेवढ्याच एका जागी उरला होता.

"सहाची गाडी आहे माझी," रेकॉर्डवाला म्हणाला. "आज आलोच आहे, तर उद्या सकाळीच कव्हर छापायला देतोय. टेप मिळाली तर दोन गाणी, दोन नावं. नाहीतर एकच गाणं, एकच नाव." त्याने टेप वाजवायचं यंत्र सोबत आणलं होतं. डबा उघडायच्या आधीच त्याने ते टेबलावर मांडून चालू करून ठेवलं होतं, टेप हातात आली की लागलीच लावू म्हणून. तेव्हाच धाकटी पुढे झाली होती. तिने इस्त्रीवर हात ठेवला, डब्यावर बोट आपटलं, चेहऱ्यासमोर हाताने वारा घातला. "तिला उकडतंय," अक्कांनी सांगितलं आणि खिडकी उघडली होती.

त्या खिडकीतून आता गार वारं येत होतं आणि बाहेर दोरीवर एका हॉटेलचे ओले पडदे फडफडत होते. वाळवणीचं कपाट कालपासून बिघडलं होतं; धाकटीने त्यावर तशी पाटी लावली होती. एक संकट एकटं येतंय कशाला.

अक्कांनी डब्याची दोरी उचलून पाहिली. ती त्यांनीच सोडली होती, पण सोडताना बोटांना जे कळलं होतं ते डोक्यापर्यंत आत्ता पोचलं. गाठ लाँड्रीची होती. वाटेत सुटायची नाही, पण एक टोक ओढलं की मोकळी, अशी गाठ. ती अक्कांनी स्वतः शिकवल्याशिवाय कुणाला येत नव्हती, आणि हयात असलेल्यांत ती तिघांनाच शिकवली होती.

म्हणजे चोराने याच खोलीत बसून गठ्ठे बांधले होते.

२

अक्कांनी झिपऱ्याला पुढच्या दुकानात नेलं आणि गल्ल्यामागच्या स्टुलावर बसवलं. स्वतः उभ्या राहिल्या. समोरचा बसलेला आणि आपण उभं असलं की निम्मं काम होतं, हे त्यांना गिऱ्हाइकांनी शिकवलं होतं.

झिपऱ्या आता गाड्या चालवायला शिकवण्याचे वर्ग चालवायचा. टेप हरवल्याचा फायदा उघड उघड त्याचाच होता. रेकॉर्डवाल्याला एक दिवस आधी यायला कुणी सांगितलं, असं विचारल्यावर त्याने आपणच सांगितलं हेही कबूल केलं. एकदाचं काय ते होऊन जाऊ दे, म्हणाला.

"आणि तो यायच्या आत टेप उचललीस."

झिपऱ्या हसला. "अक्का, त्या टेपवर काही नाहीच आहे. मी ऐकलीय."

मग त्याने जे सांगितलं ते असं. गाणी भरून झाल्यावर धाकटीचंही रेकॉर्डवर घालायचं की नाही ते ठरत नव्हतं. म्हणून त्याने टेप घरी नेली आणि काकाच्या यंत्रावर लावली. तर आतून नुसतं रडगाणं. शब्द नाहीत, सूर नाही. कुणीतरी गाणं गिळतंय असा आवाज. थोडं ऐकलं आणि बंद केलं. टेप भरणाऱ्याने वाट लावली होती, दुसरं काय. आपल्या गाण्याचं नशीब चांगलं, त्याची वेगळी नक्कल आधीच कारखान्यात गेली होती.

"धाकटीला काय सांगितलंस?"

"म्हटलं, तुझं नीट आलं नाही. तिने पुन्हा विचारलं नाही. तुमचीच बहीण ती."

अक्का त्याच्याकडे बघत राहिल्या. खोटं बोलताना झिपऱ्या नाक चोळायचा. भाड्याचे गठ्ठे बांधायचे राहिले की चोळून चोळून लाल करायचा. आज त्याचे दोन्ही हात मांडीवर स्वस्थ पडले होते. आणि खरं असो वा खोटं, एक गोष्ट सरळ होती. ज्याला हंडा रिकामा वाटतो तो रात्री उठून हंडा चोरत नाही.

मोठा चोर हातचा गेला म्हणून अक्का चरफडत पोटमाळ्यावर परतल्या आणि ज्या पेटीत डबा होता ती त्यांनी तळापर्यंत उपसली.

बँडचा एकुलता एक फोटोही पेटीत नव्हता.

३

ठोक्या आता दंतवैद्य होता. अक्का त्याच्या दवाखान्यात शिरल्या तेव्हा खुर्चीत एक गृहस्थ आ वासून पडले होते. अक्कांनी त्यांना तसंच राहा म्हणून सांगितलं आणि ठोक्याला विचारलं, फोटो कुठाय.

ठोक्याने चिमटा खाली ठेवला. लहानपणी मार खाताना जसा व्हायचा तसा त्याचा चेहरा झाला. फोटो टेबलाच्या खणातच होता. त्यात ठोक्याच्या डोळ्यांत काजळ होतं, गालांवर सोनेरी चमकी होती आणि अंगात अक्कांच्याच लाँड्रीतला, कुणी न्यायला न आलेला, बायकी झगा होता.

"माझ्याकडे शाळेतली मुलं येतात, अक्का," तो पुटपुटला. "त्यांच्या आया येतात. हा फोटो कव्हरवर आला तर मला कोण दात दाखवेल?"

खुर्चीतले गृहस्थ मान वळवून फोटो बघू लागले, तसा ठोक्याने तो पोटाशी धरला.

काल लाँड्रीला सुट्टी होती. दुपारी तो आला, धाकटीने दार उघडलं, एक जुनी गोष्ट घ्यायचीय म्हणून तो पोटमाळ्यावर चढला आणि फोटो घेऊन उतरला. टेपला हातही लावला नाही, शपथ घ्यायला तयार होता. अक्कांना शपथेचं कौतुक नव्हतं. डबा तिथे होता का, असं त्यांनी विचारलं.

"होता की. बाजूला सारला. एका बोटाने सरकला, तेव्हा वाटलं, एवढा मोठा डबा आणि हलका कसा?"

म्हणजे काल दुपारच्या आधीच टेप गेलेली होती. आणि आज तोच डबा काखेत मारून अक्का जिना उतरल्या, तेव्हा त्या रेकॉर्डवाल्याला फैलावर घेत होत्या, म्हणून वजनाकडे लक्ष गेलं नाही. जीभ चालू असली की हात बहिरे होतात, हे त्यांनी मनातल्या मनात कबूल केलं. मोठ्याने करायचं काही कारण नव्हतं.

त्या निघाल्या तसा ठोक्या मागून म्हणाला, "अक्का, माझा कोट तुमच्याकडेच राहिलाय. इस्त्रीच्या खोलीत. इतकं उकडत होतं की काढून ठेवला आणि विसरलो."

अक्का दारात थांबल्या.

सुट्टीचा दिवस. इस्त्र्या थंड, बॉयलर थंड, कपाट बिघडलेलं. मग त्या खोलीत उकडत होतं कशाने?

४

टेप भरणाऱ्या म्हाताऱ्याला सगळे कानसेन म्हणायचे. स्टुडिओ कधीच बंद पडला होता. आता तो घरी बसून लोकांची ऐकण्याची यंत्रं दुरुस्त करायचा. अक्कांनी बसायच्या आतच विचारलं, माझ्या बहिणीचं गाणं तुम्ही बिघडवलंत ते का.

कानसेन इतका दुखावला की हातातला स्क्रू खाली पडला. तो दोघांनी मिळून शोधला, आणि तेवढ्यात त्याचा राग थोडा निवला. झिपऱ्याने काय ऐकलं ते अक्कांनी सांगितलं. कानसेन खांदे हलवत हसायला लागला.

"बाई, आमच्या धंद्यात टेप वाजवून झाली की परत सुरुवातीला गुंडाळून ठेवत नाहीत. तशीच ठेवतात, शेवटचं टोक बाहेर. तशी ती वर्षानुवर्षं चांगली राहते. वाजवायच्या आधी उलटी गुंडाळून घ्यायची, मग लावायची. तुमच्या त्या पोराने आणली तशी चढवली."

"म्हणजे?"

"म्हणजे त्याने गाणं शेपटाकडून ऐकलं."

अक्का आत्ता कुठे खाली बसल्या. गाणं चांगलं होतं. पहिल्यापासून चांगलंच होतं. एका गाढवाने ते शेपटाकडून ऐकलं आणि बहिणीने जन्मभर मान खाली घातली.

पण कानसेनचं हसू आता मावळलं होतं. ती टेप एवढ्यात कुणी लावली तर नाही ना, असं त्याने विचारलं. त्या काळच्या टेपांची एक खोड होती. त्यांच्या अंगावरचा लेप हवेतला ओलावा पिऊन चिकट होतो. अशी टेप यंत्रावर फिरवली की लेप खरवडून निघतो, आणि लेप म्हणजेच गाणं. एकदा निघालं की गेलं.

"उपाय?"

"मंद शेक. चांगला लांबलचक. मग तितकाच वेळ निवू द्यायची, हात लावायचा नाही. मग काही दिवस ती ठणठणीत वाजते. पण शेक फार हळुवार हवा. चूल नको, इस्त्री नको. लोकरीचे कपडे वाळवतात ना, तेवढीच ऊब."

अक्कांनी पदर खोचला.

"तो स्क्रू ठेवा खाली," त्या म्हणाल्या, "आणि चला माझ्याबरोबर. चोर सापडला."

५

सहा वाजायला आले होते. रेकॉर्डवाल्याने बॅग खांद्याला लावली होती. झिपऱ्या त्याला पोचवायला निघाला होता. ठोक्या कोट न्यायला म्हणून आला होता, पण फोटो खिशात होता आणि हात खिशावर. धाकटी रोजच्यासारखी शर्टांच्या कॉलरी तपासत होती. अक्कांनी आतून कडी घातली आणि टेबलापाशी उभ्या राहिल्या.

"गाठ आमची," त्यांनी सुरुवात केली, "म्हणून चोर तिघांतला एक. झिपऱ्याला वाटतं टेपवर कचरा आहे. तो कशाला नेईल? ठोक्याला फक्त स्वतःचा गाल लपवायचा होता, आणि तो आला तेव्हा डबा रिकामाच होता. मग राहिलं कोण, ते मला दुपारीच कळायला हवं होतं. पण मी शोधत होते टेपचा वैरी. जिला टेप मोडायची असती तिने चुलीत घातली असती, गाठ मारून डबा परत जागेवर ठेवला नसता. हे काम जीव लावणाऱ्याचं."

मग त्यांनी बोट दाखवलं. वाळवणीच्या कपाटावर ‘बिघडलं आहे’ अशी पाटी होती. कपाटाला पाठ घासून लाँड्रीचं मांजर ताणून झोपलं होतं.

"हे मेलं बिघडलेल्या कपाटापाशी का झोपतं? ऊब असल्याशिवाय ते माझ्या मांडीवरसुद्धा बसत नाही. काल ठोक्याला उकडलं, ते याच कपाटाने. काखेत कळसा आणि मी दवाखान्याला वळसा."

त्यांनी कपाटाच्या मुठीला हात घातला, तोच दुसरा हात त्यावर पडला. धाकटीचा. तिने आधी दारावर तळवा टेकवला, ताप बघतात तसा. मग मान हलवली आणि दार स्वतः उघडलं. लोकरीच्या कपड्यांच्या कप्प्यात, स्वच्छ चादरीवर, टेप ठेवलेली होती, आणि शेजारी जुन्या टेपा कशा शेकायच्या त्याचं वर्तमानपत्रातलं कात्रण. कपाट काल संध्याकाळीच बंद केलेलं, पण जाड भिंतींत ऊब अजून रेंगाळत होती; टेप आत्ता कुठे निवली होती.

रेकॉर्डवाल्याच्या तोंडाचं पाणी पळालं. सकाळी ती हातात आली असती तर त्याने कोमटच यंत्रावर चढवली असती. ते त्याने स्वतःच सांगितलं.

अक्कांचा राग आता कुठे जागेवर आला. "दिवसभर मला गावभर पळवलंस. सांगायला काय झालं होतं?"

धाकटीने इस्त्रीवर हात ठेवला. रिकाम्या डब्यावर बोट आपटलं. चेहऱ्यासमोर हाताने वारा घातला.

सकाळी हेच तिने सगळ्यांसमोर सांगितलं होतं: टेप शेकायला ठेवलीय, निवू दे. आणि अक्कांनी खिडकी उघडली होती. झिपऱ्याने ते कानात सांगितल्यावर ठोक्याने हसू दाबण्यासाठी तोंडावर हात घेतला, दंतवैद्य असून.

"बरं, ते सकाळचं," अक्का म्हणाल्या. आवाज थोडा खाली आला होता. "पण काल, चोरून?"

धाकटीने बोट कानाला लावलं आणि मग छातीला. या वेळी अक्कांनी घाई केली नाही. हात थांबेपर्यंत थांबल्या. आधी मी ऐकणार होते, एकटी. आहे की नाही ते आधी मला बघायचं होतं.

"मग आम्ही बाहेर जातो," अक्का म्हणाल्या, आणि खरंच कडी काढायला वळल्या. धाकटीने त्यांचा पदर धरला आणि ओढून स्टुलावर बसवलं.

कानसेनने रेकॉर्डवाल्याच्या यंत्रावर टेप चढवली. आधी ती सगळी उलटी गुंडाळून घेतली. एका चकतीवरून दुसऱ्या चकतीवर ती भरभर जाताना झिपऱ्या बघत होता, आणि त्याच्या टकलापर्यंत रंग चढत गेला.

"मी... उलटीकडून लावली होती," तो म्हणाला.

"लोकांना गाडी शिकवतोस ना?" अक्का म्हणाल्या. "रिव्हर्समध्ये टाकलीस आणि म्हणालास रस्ता खराब आहे."

झिपऱ्याने नाक चोळलं नाही. तो धाकटीसमोर गेला, हात जोडावेत की नाही ते त्याला कळेना, शेवटी त्याने आपली खुर्ची तिच्याकडे सरकवली. ती बसली.

आधी फुसकारा आला. वाफेच्या इस्त्रीचा. याच खोलीतली ती इस्त्री होती, गाण्यात ताल म्हणून घेतलेली. त्याच्यामागून ठोक्याचा ठोका, मग बटणांच्या पेटीचा तिरका, गार सूर. आणि मग धाकटी.

तो आवाज गोड नव्हता. सरळ होता, न हसणारा, कडक घडीचा. गल्ल्यामागे उभं राहून गिऱ्हाइकाला ऐकवावं तसा:

*डाग निघणार नाही,*
*कापड निघून जाईल.*
*तुम्ही ठरवा, बाई,*
*आम्ही सहाला बंद करतो.*

ठोक्याची बोटं आपोआप टेबलावर वाजू लागली. रेकॉर्डवाल्याने बॅग खाली ठेवली. सहा वाजून गेले होते आणि त्याने घड्याळाकडे पाहिलंही नाही. धाकटी डोळे मिटून बसली होती आणि तिचे ओठ शब्दांबरोबर हलत होते, एकही न चुकता.

अक्का मात्र ताठ बसल्या होत्या. प्रत्येक ओळ त्यांच्या ओळखीची होती. धाकटी पेटीची बटणं पुसत कोपऱ्यात बसायची त्या काळात, याच टेबलापलीकडून, त्या रोज हेच बोलत आल्या होत्या. *ठिगळ दिसेल, पण थंडी वाजणार नाही. बिल्ला नाही, तर कपडे नाहीत.* त्यांचंच बोलणं, त्यांचाच तोरा, शब्दाला शब्द. फक्त त्याला चाल लागली होती.

गाणं संपलं. धाकटीने बोट हवेत गोल फिरवलं. पुन्हा.

दुसऱ्यांदा संपल्यावर रेकॉर्डवाल्याने खिशातून पेन काढलं. गायिका म्हणून धाकटीचं नाव लिहिलं, संगीत म्हणून पुन्हा तेच लिहिलं, आणि ते तिला दाखवलं. तिने अक्षर तपासलं आणि मान डोलावली. झिपऱ्याने न विचारता सांगितलं की तिचं गाणं पहिलं घ्या, माझं मागच्या बाजूला. ठोक्याने उसासा टाकून फोटो टेबलावर ठेवला. बँडचा तो एकच होता.

"आणि शब्द?" रेकॉर्डवाल्याने विचारलं. "गीत कुणाचं लिहू?"

धाकटीने हात उचलला आणि अक्कांकडे बोट केलं. ते तसंच ठेवलं, हलवलं नाही.

सगळे अक्कांकडे बघू लागले. अक्कांनी नाक ओढलं, पदराने डोळ्याचा कोपरा असा पुसला जणू तिथे स्टार्च उडालाय, आणि नेहमीप्रमाणे बहिणीच्या हातांचा अर्थ सगळ्यांना समजावून सांगितला.

"ती म्हणतेय, खिडकी लावा. गार वारं येतंय."

खिडकी लावायला कुणी उठलं नाही. रेकॉर्डवाला लिहीत होता.